लोकरीच्या टोप्या, मफलर आणि मोजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की विणकामाचे प्रश्न सुरू होतात ते थेट संक्रांतीपर्यंत. त्यातले बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. स्वेटरचा विषय मोठा आहे, तो इथे घेतलेला नाही. टोपी, कानपट्टी, मफलर, हातमोजे, पायमोजे आणि बाळाच्या वस्तू एवढंच. वेगळं सांगितलं नसेल तिथे मापं मोठ्या माणसांची धरावीत.

१. मला काहीच येत नाही. दोन सुयांनी सुरुवात करू की क्रोशाने?

हातात पटकन काहीतरी तयार झालेलं बघायचं असेल तर क्रोशा. त्यात एका वेळी एकच टाका सुईवर असतो. चुकलात तर सुई काढायची, दोरा ओढून उसवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दोन सुयांच्या विणकामात शंभर-शंभर टाके सुईवर असतात, त्यातला एक निसटला की नवशिक्या माणसाचा जीव वर-खाली होतो.

पण कापड म्हणाल तर सुयांचं सरस. ते ताणलं जातं, अंगासरशी बसतं, वजनाला हलकं राहतं. टोपी, हातमोजे, पायमोजे यांना ताण लागतोच, म्हणून आज ना उद्या सुया शिका. शाल, मफलर, जाळीचा स्टोल यांना क्रोशा छान. त्याच मापाच्या वस्तूला क्रोशात लोकर मात्र जास्त जाते. पाव ते एक तृतीयांश जादा धरून चाला.

२. पहिली वस्तू कोणती विणावी? सगळे मफलर म्हणतात.

म्हणू देत. मफलर सोपा असतो, पण दीड-पावणेदोन मीटर तेच ते विणताना कंटाळा येतो आणि तो अर्धवटच पिशवीत जातो. मी कानपट्टी सांगते. २४ टाके घाला, प्रत्येक सुई (म्हणजे ओळ) सुलट विणा, ४८ ते ५० सें.मी. झालं की टाके बंद करून दोन टोकं शिवा. एवढ्यात टाके घालणं, विणणं, बंद करणं, शिवणं आणि दोरे लपवणं असं सगळं शिकून होतं, आणि पहाटे फिरायला जाणारं घरातलं कोणीतरी ती लगेच वापरायला लागतं.

३. दुकानात ‘वूल’ मागितलं तर देतात ती खरी लोकर असते का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे ‘वूल’ किंवा ‘लोकर’ म्हणून मिळतं ते ॲक्रिलिक असतं. जुने दुकानदार त्यालाच ‘कॅशमिलॉन’ म्हणतात. त्यात फसवणूक आहे असं नाही, लेबलवर लिहिलेलं असतं. वाचायची सवय हवी.

लेबल नसेल तर वीतभर दोरा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळून बघा. मेंढीची लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

घ्यावं कोणतं, हे कोण घालणार आणि कोण धुणार यावर ठरतं. मुंबई-ठाण्यात चार थंड सकाळी काढायच्या तर सुती किंवा सुती-ॲक्रिलिक मिश्र धागा पुरे. पुणे, नाशिक, विदर्भ इथे ॲक्रिलिक चालतं. ते मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, स्वस्त पडतं. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे पारा खाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तिथे पहाटे बाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र खऱ्या लोकरीची टोपी द्या. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. घाम आला, दव पडलं तरी ऊब टिकते. दुसरं कारण शेकोटीचं. ठिणगी पडली तर लोकर जळून विझते, ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं.

भेट देताना एक बघा: ज्या घरी सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये जातात, तिथे शुद्ध लोकर देऊ नका. का, ते प्रश्न १३ मध्ये.

४. लोकर किती आणू?

मध्यम जाडीची लोकर (लेबलवर ‘डीके’ असतं ती) धरून: कानपट्टी ३० ते ४० ग्रॅम, टोपी ७० ते १०० ग्रॅम, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे ५० ग्रॅम, पूर्ण हातमोजे ६० ते ८० ग्रॅम, मफलर २०० ग्रॅम. क्रोशासाठी प्रश्न १ मधला जादा हिशोब लावा.

एक गुंडा जास्तच आणा आणि सगळ्या गुंड्यांच्या लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. रंगाचा नंबर तोच असला तरी दुसऱ्या घाण्यात रंगवलेली लोकर वेगळी दिसते. ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात मफलरवर सरळ पट्टा दिसतो.

५. सुईवर १० नंबर आहे, व्हिडिओतली बाईही १० नंबरच म्हणते, मग माझी टोपी एवढीशी का झाली?

कारण ते दोन वेगळे दहा आहेत. भारतात पारंपरिक सुयांना जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं. आपली १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी., अमेरिकेतली १० नंबर म्हणजे ६ मि.मी. आपली ८ नंबर ४ मि.मी.ची, त्यांची ८ नंबर ५ मि.मी.ची. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवर लिहिलेलं नसेल तर भोकं असलेली प्लॅस्टिकची मोजपट्टी मिळते, ती एकदाच घेऊन ठेवा.

६. नमुन्याचा तुकडा विणायलाच हवा का? वेळ फुकट जातो.

मफलरला नाही विणलात तरी चालेल. दोन सें.मी. इकडे-तिकडे झाले तर कोणाला कळतंय? टोपी आणि मोज्यांना मात्र हवाच, आणि का ते आकड्यांतच बघा.

समजा डोक्याचा घेर ५६ सें.मी. आहे. टोपी घट्ट बसायला घेरापेक्षा पाचेक सें.मी. लहान हवी, म्हणजे ५१. तुमच्या विणीत १० सें.मी.मध्ये २२ टाके बसतात, म्हणजे एका सें.मी.ला २.२. तर ५१ गुणिले २.२, म्हणजे ११२ टाके. दोन सुलट दोन उलट विणायचं तर आकडा चारने भागला जायला हवा, ११२ जातो. वरची घट (टोपी बंद करताना टाके कमी करणं) आठ भागांत करतात, ११२ आठनेही जातो. सरळ सुयांवर विणून मागे शिवणार असाल तर शिवणीचे दोन टाके वाढवून ११४.

आता हेच ११२ टाके हात सैल असणाऱ्या बाईने घातले आणि तिचे १० सें.मी.त २० टाकेच बसत असले, तर टोपी होते ५६ सें.मी.ची. डोक्याएवढीच. ताण उरत नाही आणि ती डोळ्यांवर घसरते. हात घट्ट असून २५ टाके बसत असले तर टोपी ४५ सें.मी.च्या आत जाते आणि कपाळावर वळ उठतात. लोकर तीच, नमुना तोच, टाकेही तेवढेच.

तुकडा १५ सें.मी.चा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या १० सें.मी.तले टाके मोजा. कडेचे मोजू नका, ते नेहमी वाकडे असतात. टाके जास्त भरले तर एक माप जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात घट्ट-सैल करायच्या फंदात पडू नका. तो पाच ओळींनंतर पुन्हा आपल्या मूळ सवयीवर येतो.

७. टोपी वर बंद कशी करायची? माझ्या टोपीला नेहमी शेंडी येते.

शेंडी येते कारण घट सावकाश होते. वरचंच उदाहरण घेऊ. कडेपासून १५ सें.मी. झालं की ११२ टाक्यांचे १४-१४ चे आठ भाग पाडा. प्रत्येक भागात १२ सुलट, मग दोन टाके एकत्र. पुढची ओळ साधी. मग ११ सुलट, दोन एकत्र. पुन्हा साधी. ६४ टाके उरेपर्यंत असं एकाआड एक ओळ घटवा. तिथून पुढे साधी ओळ विणू नका, प्रत्येक ओळीत घट करा. १६ टाके उरले की दोरा तोडून बोथट सुईत ओवा, सगळ्या टाक्यांतून फिरवा, ओढा आणि आतून पक्का करा. टोपीची उंची २१ सें.मी.च्या आसपास येते. कड दुमडायची असेल तर घट सुरू करण्याआधी ५-६ सें.मी. जास्त विणा.

८. क्रोशाची टोपी वर एकतर झालरीसारखी होते नाहीतर लगेच आत वळते. काय चुकतं?

वाढ चुकते. खांबांची (सुईवर एक वेढा घेऊन घातलेल्या टाक्यांची) टोपी मधल्या, पहिल्या फेऱ्यात १२ खांबांनी सुरू केली तर दर फेऱ्यात १२ च वाढायला हवेत: २४, ३६, ४८. जास्त वाढले तर झालर पडते, कमी वाढले तर वर्तुळ आत वळतं. फेरा संपला की मोजा. ‘नंतर बघू’ इथे चालत नाही.

वाढ थांबवायची कधी, याचाही हिशोब आहे. क्रोशा कमी ताणला जातो, म्हणून ५६ च्या डोक्याला टोपी ५३ ची धरा. ५३ भागिले ३.१४, म्हणजे साधारण १७ सें.मी. वर्तुळ टेबलावर सपाट ठेवून १७ सें.मी. भरलं की वाढ बंद, तिथून सरळ खाली विणत या.

९. इंग्रजी क्रोशा नमुन्याप्रमाणे केलं तरी वस्तू भलतीच लांब किंवा आखूड होते.

नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन ते आधी बघा. सुईवर वेढा न घेता घालतो त्या मुक्या खांबाला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’. एक वेढ्याचा आपला नेहमीचा खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. ओळखायची सोपी खूण: नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ शब्द आला तर तो अमेरिकन.

१०. मफलरच्या कडा गुंडाळल्या जातात. इस्त्री करू का?

एक सुई सुलट, एक सुई उलट अशी वीण वळणारच, तो तिचा स्वभाव आहे. पुढच्या वेळी दोन्ही कडांचे पाच-पाच टाके प्रत्येक सुईला सुलट विणा आणि सुरुवातीला व शेवटी आठ-दहा सुया नुसत्या सुलट घ्या. विणून झालेल्या मफलरला चारी बाजूंनी क्रोशाचे मुके खांब घातले तर बराच फरक पडतो.

इस्त्रीचं म्हणाल तर ॲक्रिलिकवर अजिबात नको. गरम वाफेने ते कायमचं लुळं आणि चपटं होतं, पुन्हा फुलत नाही. खरी लोकर असेल तर ओली करून, टाचण्यांनी ताणून सपाट वाळवा.

११. नातवंडासाठी विणायचं आहे. कुंची, टोपी, मोजे. काय काय सांभाळायचं?

आधी माप. नवजात बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सें.मी., तीन महिन्यांत ४० च्या आसपास, वर्षाचं होईपर्यंत ४६. दिवाळीला जन्मलेल्या बाळाला जन्माच्या मापाची टोपी विणलीत तर पौषात ती चढणार नाही. दोन सुलट दोन उलट अशी ताणणारी वीण घ्या आणि पुढचं माप धरा.

धागा मऊ ॲक्रिलिक, सुती किंवा मशीनमध्ये चालणारी मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक तंतूंची लोकर). तंतू सुटणारी केसाळ, चमचम करणारी लोकर नको, तंतू नाकातोंडात जातात. धागा आधी मानेला लावून बघा, गालाला नव्हे, गालाला पटकन कळत नाही.

मोज्यांची आतली बाजू बाहेर काढून तपासा. दोन रंगांच्या नक्षीत मागे लोंबणारे दोरे आणि नीट न लपवलेली टोकं बाळाच्या बोटाभोवती गुंडाळतात. दोरा आवळला तर बोटाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. तान्ह्या बाळाला एकरंगी मोजेच बरे.

कुंची हौसेने जरूर विणा. डोक्यावरचा भाग आणि पाठीवर सोडलेला घोळ लोकरीत फार देखणा दिसतो. पण हनुवटीखालचे बंद बाळ कोणाच्या तरी मांडीवर असतानाच बांधा. झोपवताना कुंचीही काढायची आणि टोपीही. घरात झोपलेल्या बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते, टोपीने ती कोंडते. इथे आजी लोक माझ्याशी भांडतात, पण बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. मोठे मणी, सैल बटणं, गोंडे तीन वर्षांपर्यंत नकोत.

साठवणीचा धोका प्रश्न १४ मध्ये आहे, तो बाळाच्या घरात सगळ्यांनी वाचावा.

१२. लोकर टोचते. काही उपाय?

टोचणं तंतूच्या जाडीवर असतं. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू कातडीला बोचतात. मेरिनोचे बरेच बारीक असतात, लडाखी पश्मिन्याचे त्याहून बारीक. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. तिची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पाऊस झेलते, पण तिची कानटोपी कपाळावर कोणी ठेवून घेणार नाही. कोणी हातकताई केलेला तसला धागा दिला तर त्याची पिशवी किंवा आसन विणा.

विणून झालेली टोपी टोचत असेल तर कपाळाच्या पट्टीला आतून मऊ सुती होजिअरीचं कापड शिवा. केसांचं कंडिशनर लावून धुतलं की थोडा फरक पडतो, पण राठ लोकर मऊ होत नाही.

१३. टोपी धुतली आणि बाहुलीला होईल एवढी झाली. परत मोठी होईल का?

नाही. मेंढीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं होतं. थोडंच आटलं असेल तर कोमट पाण्यात कंडिशनर घालून भिजवा आणि ओलं असताना हाताने ताणा, एखादा सें.मी. मिळतो.

पुढच्या वेळी: कोमट पाणी, रिठा किंवा लोकरीसाठीचा द्रव साबण, पाच-दहा मिनिटं भिजवून हलक्या हाताने दाबणे. पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. दोरीवर टाकलेला ओला मफलर स्वतःच्या वजनाने वीतभर लांबतो. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, ती लोकर मशीनमध्ये चालते.

१४. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतील ना?

कसर खरी लोकर खाते, ॲक्रिलिक नाही. त्यातही घामाचे, तेलाचे डाग असलेला भाग तिला जास्त आवडतो. म्हणून ठेवण्यापूर्वी धुणं, पूर्ण वाळवणं आणि झिपच्या पिशवीत बंद करणं हाच मोठा उपाय. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायची पद्धत चांगली आहे, पण भोकं दिसायला लागल्यावर तो पुरत नाही. तेव्हा पिशवी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. नॅफ्थलीनचा वास कपड्यांत मुरतो. ज्या बाळांत जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. बहुतेक घरांत ही कमतरता आहे की नाही हे आधी माहीत नसतं. थोरल्याचे जपून ठेवलेले मोजे-टोप्या धाकट्यासाठी काढताना हे विशेष लक्षात ठेवा.

१५. हातमोज्यांची बोटं फार किचकट वाटतात. सोपं काही?

बोटं नसलेले, नुसता अंगठा वेगळा असलेले मोजे विणा. चारही बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून ते जास्त गरमही असतात. मोबाइल वापरणाऱ्यांना मनगटापासून बोटांच्या पेरापर्यंतचे उघडे मोजे बरे. एक चौकोन विणून बाजूला शिवायचा आणि अंगठ्यापुरती फट सोडायची.

स्कूटरवर मात्र विणलेले मोजे वाऱ्यापुढे टिकत नाहीत, वारा टाक्यांतून आरपार जातो. वरून रेक्झिनचे किंवा चामड्याचे घाला, विणलेले आत.

१६. आईला चपलेत घालता येतील असे मोजे हवेत.

अंगठा वेगळा विणा. पायाचा गोल भाग अंगठ्याच्या मुळापर्यंत आला की वरचे आणि खालचे मिळून एक तृतीयांशाहून थोडे जास्त टाके अंगठ्यासाठी वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवा. आधी बाकीची बोटं बंद करा, मग अंगठा उचला. दोन भागांच्या मध्ये तीन-चार टाके जादा घाला, नाहीतर चपलेचा पट्टा तिथेच भोक पाडतो. घरात फरशीवर घालणार असतील तर तळव्याला खाली रबरी ठिपक्यांचं कापड शिवा. गुळगुळीत टाइल्सवर लोकरीचे मोजे घालून वयस्कर माणूस हमखास घसरतं.

१७. मुलगा कॅनडात आहे, उणे वीसमध्ये आपली टोपी चालेल का?

एकेरी विणीची ॲक्रिलिक टोपी वाऱ्यात चालणार नाही. मेरिनोची टोपी दुहेरी विणा: दुप्पट लांब नळी, दोन्ही टोकं बंद, एक टोक दुसऱ्यात सरकवायचं. किंवा साध्या टोपीला आतून फ्लीसचं अस्तर लावा. दोन रंगांची नक्षी मागे धागे घेऊन विणली की कापड जाड होतं आणि हवा कोंडली जाते. उत्तर युरोपातल्या कोळ्यांच्या गावांत ही पद्धत रुळली ती शोभेइतकीच उबेसाठी. धुण्याचा विचार करून सुपरवॉश पाठवा, वसतिगृहात रिठा कोण भिजवणार?

१८. हेल्मेटखाली टोपी आणि गाडीवर मफलर, चालतं का?

गोंड्याची, जाड टोपी नको. हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा नीट बसत नाही. बारीक लोकरीची सपाट कानपट्टी चालते. मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचलेलीच हवीत, सुटं टोक चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो. गाडी चालवणाऱ्यासाठी मफलरऐवजी गळ्यापुरती नळी विणा: ५६ सें.मी. घेर, २५ सें.मी. उंची, टोकंच नाहीत.

१९. मी डावखुरी आहे.

दोन सुयांचं विणकाम सगळ्यांसारखंच शिका. दोन्ही हातांना काम असतं आणि नमुने उलटे वाचावे लागत नाहीत. क्रोशा मात्र डाव्या हाताने करा आणि व्हिडिओ आरशासारखा उलटवून बघा.

२०. आजीने अर्धा विणलेला मफलर पुरा करायचा आहे. तिची वीण सैल, माझी घट्ट, आणि ती लोकरही आता मिळत नाही.

तिच्या सुया सापडल्या म्हणून त्याच वापरू नका. तिच्या विणीतले १० सें.मी.तले टाके आणि ओळी मोजा, मग वेगवेगळ्या सुयांवर तुकडे विणून तुमचा आकडा कोणत्या सुईने जुळतो ते बघा. बहुधा एक-दोन मापं जाड सुई लागेल. सुईवर जे टाके वर्षानुवर्षं राहिलेत ती ओळ ताणलेली असते, ती आणि खालची एक ओळ उसवून मग सुरू करा.

रंग जुळवायच्या मागे लागू नका. जवळचा रंग चुकल्यासारखा दिसतो. उठून दिसेल असा दुसरा रंग घ्या, त्याचे दोन-तीन पट्टे पुढच्या भागात टाका आणि सुरुवातीच्या टोकाला टाके उचलून त्याच रंगाची एक पट्टी जोडा. जाडी मात्र तंतोतंत जुळवा. जुना धागा ॲक्रिलिक आहे की लोकर ते प्रश्न ३ प्रमाणे आधी तपासा, कारण दोन जातींचे धागे एकाच मफलरमध्ये आले की पहिल्या धुण्यात एक आटतो आणि दुसरा तसाच राहतो.

२१. विणलेल्या वस्तू विकायच्या आहेत. किंमत किती लावू?

लोकरीची किंमत गुणिले तीन हा हिशोब सगळे सांगतात आणि तो बायकांच्या तासांना कवडीमोल ठरवतो. स्वस्त ॲक्रिलिकवर नक्षीची टोपी विणायला सहा तास लागले तरी गुणाकार तोच येतो. घड्याळ लावून एक टोपी विणा, तासाचा दर ठरवा, त्यात लोकर, लेबल आणि टपालखर्च मिळवा. येणारा आकडा बाजारातल्या यंत्राच्या टोपीपेक्षा जास्तच असेल. तिथे स्पर्धा करू नका. यंत्राला जमत नाही ते विका: मापाची कुंची, अंगठ्याचे मोजे, क्रोशाची कुठलीही वस्तू. दुसऱ्याच्या विकतच्या नमुन्यावरून विणणार असाल तर विक्रीला परवानगी आहे का, ते नमुन्यावरच लिहिलेलं असतं. तो नमुना गटात फुकट वाटायची परवानगी मात्र सहसा नसते.